या गाडीत काही 'अर्थ' नाही!

गाडी विकायची की ठेवायची, या एका विषयावर आमच्या घरात गेल्या वर्षभरात जेवढ्या मीटिंग्ज झाल्या, तेवढ्या माझ्या लग्नावरही झाल्या नसतील. (आईच्या मते दोन्ही विषय सारखेच. जितका उशीर, तितका भाव खाली! असो.)

गाडी म्हणजे मारुती एट हंड्रेड. पांढरी, एमएच-३१ पासिंगची, २००३ सालची. ती घरी आली तेव्हा मी पहिलीत होते आणि बाबांनी बोनेटवर स्वस्तिक काढताना हळदीकुंकवाची वाटी मीच धरली होती. त्यानंतर या गाडीनं काय काय नाही केलं? माझी दहावी-बारावीची सेंटर्स, आजीचं हॉस्पिटल, ताईची पाठवणी. २०१८ मध्ये १५ वर्षं झाली तेव्हा आरटीओत तिचं रजिस्ट्रेशन पाच वर्षांनी वाढलं, २०२३ मध्ये परत एकदा. इंजिन अजून ठणठणीत. मग विकायचा विषय निघाला कुठून?

तर, बाबांनी रात्री गाडी चालवणं बंद केलं. जाहीर वगैरे काही केलं नाही. आधी 'रात्रीचं वर्धेला नको' झालं, मग 'आठच्या आत घरी येऊ' झालं, आणि एक दिवस कळलं की संध्याकाळी सहानंतर किल्ली खुंटीवरून हलतच नाही. विचारलं तर एकच उत्तर. 'डोळे गेले आता माझे.' डॉक्टरांनी तपासलं. मोतीबिंदूची नुसती सुरुवात होती, ऑपरेशनची घाई नव्हती. चष्म्याचा नंबर बदलला. पण बाबांनी मनाशी ठरवलं होतं की आपण म्हातारे झालो. ६७ वर्षांचा माणूस असं एकदा ठरवतो, तेव्हा त्याच्याशी वाद घालता येत नाही.

माझे डोळे तर चांगले आहेत!

मग डिसेंबरमध्ये वर्धेला चुलत बहिणीचा साखरपुडा निघाला. येताना रात्र होणार हे नक्की, म्हणून चालवायला मी. वर्धा ते नागपूर साधारण ७५ किलोमीटर. सेलूपर्यंत गप्पा चालू होत्या. केळझर मागे पडलं आणि मी गप्प झाले, कारण समोरचं दिसेना! समोरून येणाऱ्या नव्या गाड्यांचे पांढरेफेक दिवे आणि आमचे दिवे म्हणजे देवघरातली समई. अप्पर मारला तरी उजेड फक्त बोनेटच्या पुढे दोन हात. आणि अशात कडेनं चाललेली एक बंडी एकदम समोर आली. मागे ना रिफ्लेक्टर, ना कंदील. ब्रेक लागला, गाडी थांबली, कोणाला काही झालं नाही. पण बुटीबोरीचे दिवे दिसेपर्यंत माझे हात थरथरत होते.

मागच्या सीटवरून बाबा एवढंच म्हणाले, 'बघ, मी सांगत होतो ना, दिसत नाही म्हणून.'

तेव्हा माझी ट्यूब पेटली. माझे डोळे तर अठ्ठावीस वर्षांचे आहेत! मलाही दिसत नसेल, तर दोष डोळ्यांचा कसा?

गॅरेजची वारी

पहिल्या गॅरेजमध्ये दोन्ही बल्ब बदलले. आठवडाभर बरं वाटलं, मग परत समई. दुसऱ्या ठिकाणी (नाव राहू द्या, आपल्याला भांडण नको!) आणखी महागाचे बल्ब टाकले. तिथल्या मुलानं नंतर बोनेटखाली मान घातली, 'च्च' केलं आणि एस्टिमेट दिलं. पूर्ण वायरिंग नवीन, १८ हजार. वर सल्ला फुकट. 'मॅडम, खरं सांगू? या गाडीत आता काही अर्थ नाही.'

घरी त्या दिवशी मीटिंग झालीच नाही. बाबा म्हणाले, 'काढून टाक.' आणि पेपर उघडून बसले.

मला १८ हजारांपेक्षा त्या पेपरचा जास्त राग आला.

बर्डीतला डॉक्टर

आता आपल्याकडे एक साधा नियम आहे. कुठेच काही मिळालं नाही की बर्डी गाठायची. रविवारी तिथे गाडी घेऊन जाणारा एक तर बाहेरगावचा असतो, नाहीतर वेडा. म्हणून मी मंगळवारी सकाळी, दुकानांची शटर्स अर्धवट उघडत असताना गेले. मुंजे चौकात मेट्रो डोक्यावरून गेली, फेरीवाले अजून गाठोडी सोडत होते. मैत्रिणीच्या वडिलांनी पत्ता दिला होता. मेन रोड सोडून आत वळायचं, एका गल्लीत बिनबोर्डाचं दुकान आहे. आत बॅटऱ्या, वायरींची भेंडोळी आणि स्टुलावर एक साठीतले काका.

मी सगळी कहाणी सांगितली. दोनदा बदललेले बल्ब अभिमानानं दाखवले. काकांनी ते पाहिलेही नाहीत.

'ताई, बल्बाले काऊन बदनाम करता? बल्ब बिचारा उपाशी हाय.'

मग त्यांनी गाडी सुरूच ठेवायला सांगितली, हेडलाइट लावायला सांगितले आणि मल्टिमीटर माझ्याच हातात दिला. म्हणाले, आकडे तुम्हीच वाचा, म्हणजे उद्या कोणी फसवणार नाही. बॅटरीच्या दोन टोकांवर आला आकडा १४ व्होल्ट. छान! मग हेडलाइटच्या होल्डरमागे, जिथे बल्बला करंट मिळतो तिथे आला १०.९. म्हणजे बॅटरीपासून दिव्यापर्यंतच्या रस्त्यात ३ व्होल्टहून जास्त कोणीतरी खाल्ले होते.

कोणी खाल्ले, हे शोधायची पद्धत इतकी सोपी आहे की मला स्वतःची लाज वाटली. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी बल्बच्या प्लसवर. आकडा आला ०.९. हा झाला जाण्याच्या रस्त्यातला तोटा. मग एक पिन बल्बच्या अर्थवर आणि दुसरी बॅटरीच्या मायनसवर. आकडा आला २.२. हा परतीच्या रस्त्यातला तोटा.

काका हसले. 'पाहा. करंट जाऊन राहिला, पण वापस येऊन नाही राहिला. अर्थच नाही हिच्यात.'

म्हणजे तो गॅरेजवाला शब्दशः खरं बोलला होता!

अर्थाचा अर्थ

घरातल्या वायरिंगमध्ये करंटला जायला एक वायर आणि यायला दुसरी वायर असते. गाडीत मात्र बहुतेक ठिकाणी वायर एकच. परतीचं काम गाडीचं लोखंडी अंगच करतं. बॅटरीच्या मायनसची जाड वायर बॉडीला आणि इंजिनला बोल्टनं आवळलेली असते, आणि प्रत्येक दिव्याची काळी वायर जवळच्या पत्र्याला. तांबं वाचतं, वजन वाचतं. जगभरातल्या गाड्या अशाच बनतात. फक्त एक अट आहे. त्या बोल्टखाली धातूला धातू टेकला पाहिजे.

आता आपलं नागपूर डोळ्यांसमोर आणा. मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या पुढे, लगेच जूनमध्ये पाऊस, डिसेंबरात दव. बोल्ट तापतो, निवतो, ढिला पडतो, पाणी शिरतं, गंज धरतो. बावीस-तेवीस वर्षांत कंपनीनं कितीही चांगलं आवळलेलं असो, एवढं होणारच. आमच्या गाडीत तर मधल्या काळात कोणीतरी फॉग लॅम्प लावून दिले होते आणि त्यांचा अर्थ हेडलाइटच्याच बोल्टखाली, रंगावर, कोंबला होता.

आणि हा तोटा दिसतो तेवढा छोटा नसतो. साध्या फिलामेंटच्या बल्बचं गणित फार क्रूर आहे. व्होल्टेज १० टक्क्यांनी उतरलं की उजेड १० नाही, साधारण ३० टक्क्यांनी उतरतो. २० टक्के उतरलं की निम्म्याहून कमी उजेड उरतो. आमच्याकडे तेच झालं होतं. ६० वॉटचा दिवा साधारण ५ अॅम्पिअर ओढतो, दोन दिवे १०. या दोघांच्या वाटेत गंजानं नुसता ०.१ ओहमचा अडथळा केला, तरी १ व्होल्ट गायब. नवा बल्ब टाकला की चार दिवस बरं वाटतं, कारण होल्डर हलल्यानं काँटॅक्ट जरा घासला जातो. मग पहिले पाढे पंचावन्न.

आता यात बाबांचं वय मिळवा. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत, विशीतल्या माणसाच्या मानानं, साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. म्हणजे ज्या माणसाला जास्त उजेड हवा, त्यालाच आमची गाडी निम्मा देत होती. आणि तो बिचारा दोष स्वतःला देत होता.

इलाज

इलाज बघून तुम्ही हसाल. काकांनी बॅटरीची मायनस वायर आधी काढली, अर्थचा बोल्ट खोलला, पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, वायरीचं गंजलेलं टोक कापून नवीन थिंबल दाबली, परत आवळलं आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवला. फॉग लॅम्पला वेगळा बोल्ट दिला. अर्ध्या तासात परतीचा तोटा २.२ वरून ०.२ वर आला. दिव्याला मिळाले १२.९ व्होल्ट.

मग रिले. अनेक जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून जातो. स्विचचे काँटॅक्ट झिजतात आणि जाण्याच्या रस्त्यातही गळती लागते. रिले लावला की स्विचनं फक्त इशारा द्यायचा आणि दिव्याचा करंट बॅटरीकडून जाड वायरीनं, फ्यूजमधून, थेट जायचा. तो लावल्यावर दिव्यावर १३.५. दोन्ही कामांचं मिळून बिल झालं ९५० रुपये. १८ हजार कुठे आणि हे कुठे!

आपण एकटे नाही

'गाडीच भंगार आहे' असं वाटून घेणारे आपण पहिले नाही. इंग्लंडमध्ये जुन्या गाड्यांची इलेक्ट्रिकची सामग्री बर्मिंगहॅमची लुकास कंपनी बनवायची आणि तिथल्या शौकिनांनी जोसेफ लुकास यांना चेष्टेनं 'अंधाराचा राजपुत्र' ठरवून टाकलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या हा विनोद चालतोय. पण जुन्या इंग्लिश गाड्या दुरुस्त करणारे जाणकार सांगतात की यातले कितीतरी दोष निव्वळ गंजलेल्या अर्थचे निघतात.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीची गोष्ट तर ताजी आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली होती. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर पद्मिनी रस्त्यावरून गेली. आमची गाडी तिच्याच वर्षाची! पण आपल्या खासगी गाडीला इथे अशी सरसकट मर्यादा नाही. १५ वर्षांनंतर तपासणी पास करायची आणि पाच-पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन वाढवायचं. फी मात्र वाढलीय. १ एप्रिल २०२२ पासून कारला ६०० चे ५ हजार झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या कारसाठी १० हजार. शिवाय पर्यावरण कर वेगळा. तेव्हा गाडी ठेवायची की काढायची, हा हिशेब जरूर करा. फक्त तो एका गंजलेल्या बोल्टवरून करू नका.

तुमच्यासाठी काकांचा क्लास

तुमची पहिली गाडी सेकंडहँड असेल किंवा बाबांकडून आलेली असेल, तर हे कापून ठेवा.

ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर किंवा पार्किंग लाइट मंद पेटतो? बल्ब बदलू नका, मागच्या दिव्याचा अर्थ बघा. परतीचा रस्ता बंद असला की करंट दुसऱ्या दिव्यातून पळवाट काढतो.

इंडिकेटर एका बाजूला भराभर लुकलुकतो? बहुतेक वेळा त्या बाजूचा एक बल्ब गेलेला असतो. आधी गाडीभोवती एक चक्कर मारा.

फ्यूज सारखा उडतो? मोठा फ्यूज टाकू नका. सिगारेटच्या पाकिटातली चांदी तर मुळीच नाही. फ्यूज उडतोय म्हणजे तो आपलं काम करतोय, कुठेतरी वायर घासलीय. मोठा फ्यूज टाकला की फ्यूजऐवजी वायर जळते.

दोन दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी डाउन? सगळं बंद करून, बॅटरीची मायनस वायर काढून, मल्टिमीटर अॅम्पिअरवर ठेवून मध्ये जोडा. ५० मिलिअॅम्पिअरच्या आत असेल तर चिंता नाही. अर्धा अॅम्पिअर दिसला, तर ३५ अॅम्पिअर-अवरची बॅटरी तीन दिवसांच्या आत रिकामी. मग एकेक फ्यूज काढत जा. ज्यावर आकडा पडला, चोर त्या लाइनवर. बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिम हा नेहमीचा संशयित! (मीटर मध्ये असताना सेल्फ मारू नका, मीटर जाईल.)

उजेड वाढवायचाय? १०० वॉटचे बल्ब नकोत. दोन मिळून १६ अॅम्पिअरच्या वर ओढतात, जुना होल्डर वितळतो. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये कोंबलेले भडक एलईडीही नकोत. तुम्हाला वाटतं छान दिसतंय, समोरच्याला काहीच दिसत नाही. आधी कंपनीनं दिलेल्या ६०/५५ वॉटच्या बल्बला त्याचं पूर्ण व्होल्टेज मिळू द्या. बल्ब लावताना काचेला बोट लावू नका, बोटाच्या तेलानं तो लवकर जातो. आणि काम झाल्यावर भिंतीवर उजेड पाडून दिव्यांचा अँगल जरूर सेट करून घ्या.

शेवटचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. बोनेटखाली हात घालण्याआधी अंगठी, बांगड्या, घड्याळ काढा आणि बॅटरीची मायनस वायर पहिली सोडा.

आणि बाबा?

त्या मंगळवारी संध्याकाळी मी काहीच बोलले नाही. साडेसातला म्हटलं, 'बाबा, आईची औषधं आणायचीत. मला कॉल आहे, तुम्ही जाता?' ते किल्लीकडे बघत राहिले. मग चष्मा पुसला आणि गेले.

वीस मिनिटांचं काम होतं. पाऊण तास झाला तरी पत्ता नाही. आई खिडकीत. मी फोन लावणार तेवढ्यात गेटवर उजेड पडला. साधा, पिवळा, पण अख्खं गेट उजळलेलं. बाबा उतरले, औषधांची पिशवी आईच्या हातात दिली आणि म्हणाले, 'वर्धा रोडनं पुलावर एक चक्कर टाकली. बोर्ड वाचता येतात.'

हायवेला रात्री मीच चालवायचं, असं आता ठरलंय. मोतीबिंदू काही पॉलिश पेपरनं जात नाही, त्याची तारीख घेतलीय. पण शहरातली किल्ली परत बाबांकडे आहे. गाडी विकायची मीटिंग २०२८ पर्यंत, म्हणजे पुढच्या रजिस्ट्रेशनपर्यंत, तहकूब!

माझ्या लग्नाची मीटिंग मात्र या रविवारी आहे. तिच्यात काय अर्थ निघतो, ते बघू.